पिवळ्याचं पांढरं

३ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं पाकीट मिळालं. आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात जागा घालवत नाही. फोनवर तू नुसता "हो ताई, हो ताई" करतोस आणि मध्येच कुणीतरी आलं म्हणून ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

एकच फोटो दोनदा पाठवलास, एक रंगीत आणि एक काळा-पांढरा, आणि विचारतोस की आईवरच्या तुझ्या फोटोंच्या पुस्तकात कुठला घेऊ. मला विचारलंच आहेस तर ऐक. मी दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि भाजी चिरता चिरता बघत राहिले. रंगीत घे. यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही.

मी आईला उठवून बसवतेय तो हा फोटो. एक हात तिच्या मानेखाली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. रंगीत फोटोत तिची हिरवी चादर दिसते. तू कॅमेरा घेऊन थोडेच दिवस आलास, तुला माहीत नसेल, पण त्या चादरीपायी तिनं माझा जीव नको केला होता. पांढरी घातली की पायानं खाली ढकलायची. "पांढरं दवाखान्यात. मी अजून माझ्या घरी आहे," म्हणायची. डॉक्टर दवाखान्यात हलवा म्हणाले तेव्हाही हेच. शेवटी मी बाजारात जाऊन गर्द हिरव्या चादरी आणल्या. डाग दिसत नाहीत हा माझा फायदा. तिची लाल गरम पाण्याची पिशवी आहे, निळी बादली आहे. आणि माझा पिवळा कोट आहे.

कोटाचं तुला सांगायचं राहिलंच. आमच्या साबणाच्या कारखान्यात पॅकिंगवाल्यांना पिवळा कोट, वजनवाल्यांना निळा, मशीनवाल्यांना राखाडी. कोण आपली जागा सोडून कुठं हिंडतंय ते सुपरवायझरला लांबून कळावं म्हणून. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या गेटनं घरी पळायचे. कोट काढत बसायला वेळ कुणाला होता? शेवटी शेवटी आईला माणसं ओळखू येईनाशी झाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना ती मावशी समजायची, डॉक्टरांना इस्त्रीवाला. माझा चेहराही तिच्या डोक्यातून गेला होता. पण दारात कोट दिसला की म्हणायची, "पिवळी आली." मी नुसती पिवळी. मग सुट्टीच्या दिवशीही मी घरात तो कोट घालून वावरायला लागले. बघणाऱ्यांना वाटलं असेल बाईचं डोकं फिरलं.

तुझ्या काळ्या-पांढऱ्यात हे सगळं गेलं. चादर कसलीतरी, बादली कसलीतरी, आणि माझा कोट पांढरा. आपलं घर दवाखाना दिसतंय. जिथं जायचं नाही म्हणून ती एवढी भांडली, तिथंच तू तिला नेऊन झोपवलंस. फोटो वाईट आहे असं म्हणत नाही. फक्त तो आपल्या घरचा वाटत नाही.

सांगितलंस म्हणून दोन्ही परत पाठवतेय. वेळेवर जेवत जा.

ताई

*

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून हसलोही आणि डोळ्यांत पाणीही आलं. इस्त्रीवाला! हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता रागावू नकोस, पण मी काळा-पांढराच घेतोय. पूर्ण पुस्तकच काळं-पांढरं करायचं ठरलंय. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे, आणि नेमकी अडचण तीच आहे. रंगीत फोटोत बघणाऱ्याची नजर आधी त्या निळ्या बादलीवर जाते. मग पिशवीवर, मग तुझ्या कोटावर. आईपर्यंत पोचेतो माणूस दमतो. तिच्या चेहऱ्याला आधीच रंग उरला नव्हता, आणि आजूबाजूला बाजार भरलेला. रंग काढले की फक्त ती राहते. तिचे गाल, तिची मान, तिचे डोळे. मी हे आईसाठीच करतोय.

रंग काढायचे म्हणजे नुसतं बटण दाबायचं नसतं. कुठला रंग किती फिका आणि किती गडद करायचा हे एकेक ठरवता येतं. हिरवं मी खाली नेलं, म्हणून चादर अंधारात गेली. पिवळं उचललं, अगदी पांढऱ्याजवळ, म्हणून तुझ्या कोटाचा उजेड आईच्या तोंडावर पडल्यासारखा वाटतो. एक दुपार घालवलीय मी त्या एका पिवळ्यावर. तो तसाच ठेवला असता तर सगळ्यांनी तुलाच पाहिलं असतं.

आणि एक आधीच सांगून ठेवतो, पुस्तकात तुझा चेहरा नाहीये. खांद्यापासून खालीच घेतलंय. त्या क्षणी तू नेमकी जांभई देत होतीस. चांगलं दिसेना.

प्रकाशक खूश आहेत. प्रस्तावना एका मोठ्या समीक्षकांकडून लिहून घेतायत. पहिली प्रत तुला.

तुझा टिल्लू

*

८ जुलै

टिल्लू,

पुस्तक मिळालं. जड आहे, कागद छान आहे. आई आवडीनं बघत बसली असती. मुखपृष्ठावर तिचा हात आहे तो मी बराच वेळ बघत होते. तेवढ्यासाठी तुझ्या पाठीवर थाप.

जांभईचं म्हणशील, तर दिली असेन. माझ्या वाटणीची झोप तू काढत होतास, मी काय करणार.

पण प्रस्तावनेत काहीतरी घोळ झालाय. तुझे ते समीक्षक लिहितात, "एका बाजूला परिचारिकेचे निर्विकार, सराईत हात, आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यामागे झुरणारा मुलगा." मी पान दोनदा उलटून बघितलं, म्हटलं कुठली परिचारिका, कधी आली ही. मग कळलं, मीच ती. पांढरा कोट ना. पहिल्यांदा मला हसूच आलं. कारखान्यात सगळ्यांना दाखवलं, म्हटलं बघा, मला बढती मिळाली. तेव्हाच तुला लिहिलं असतं, पण म्हटलं छापखान्याची चूक असेल, तू सुधारशील.

काल मावशीचा फोन आला. तू तिलाही प्रत पाठवलीस हे चांगलं केलंस. पण मावशीचा आवाज मला ओळखूच येईना. तुला आठवतंय, आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी मावशीला सारखी म्हणायचे की थोडे दिवस येऊन राहा, माझ्याच्यानं एकटीनं होत नाही. तिचे गुडघे, तिच्या घरचं आजारपण, तिला येता आलं नाही. आई गेल्यावर ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली होती की तू एकटीनं काढलंस आणि मी बहीण असून आले नाही. हे तिला आतून खात होतं, मला ठाऊक आहे. आणि आता ती म्हणते, "नर्स ठेवली होतीत की. मग मला कशाला रडून दाखवत होतीस?"

मी म्हटलं मावशी, ती मीच आहे, तो माझा कारखान्याचा कोट, पिवळा. म्हणाली, कोट पांढरा आहे, मला डोळे आहेत. म्हटलं, खालच्या काकूंना विचार. म्हणाली, शेजारी तुझ्याच बाजूनं बोलणार. म्हटलं, कोटच पाठवते. तर म्हणाली, पिवळे कोट काय कुठंही मिळतात. आपली मावशी एकदा हट्टाला पेटली की कुणाचं ऐकत नाही. त्यात ते छापलेलं. छापलेल्यापुढं माझं तोंडी कोण ऐकतो.

तेव्हा दोनच गोष्टी कर. तो रंगीत फोटो मावशीला पाठव, चेहऱ्यासकट, जांभईसकट. आणि पुस्तकात पुढच्या वेळी तो शब्द बदलून घे. "मुलगी" लिहायला परिचारिकेपेक्षा कमीच शाई लागेल.

ताई

*

२१ जुलै

प्रिय ताई,

तू उगाच मनाला लावून घेतेयस.

प्रस्तावना त्यांनी माझ्याशी न बोलता लिहिली. मी वाचली तेव्हा पुस्तक छापखान्यात गेलेलं होतं. एका शब्दासाठी सगळं थांबवा असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? नंतर प्रकाशनाच्या वेळी एका मुलाखतीत विचारलं की त्या परिचारिकेशी तुमचं नातं कसं होतं. सगळे समोर बसलेले. मी म्हटलं, कमी बोलायच्या. बस एवढंच. ते पुढं छापून आलं. आता दर ठिकाणी तोच प्रश्न येतो आणि दर वेळी मागं जाणं अवघड होत जातं.

आणि खरं सांगू? पुस्तक आई आणि मुलगा यांचं आहे. तू त्यात आलीस की ते दुसरंच पुस्तक होतं. मग लोक आईकडं बघत नाहीत, विचारायला लागतात की बहीण करत होती तर हा कुठं होता. त्याचं उत्तर द्यायची माझी तयारी आहे, पण फोटोंनी ते का द्यावं? मीही तिचाच मुलगा आहे. मी माझ्या पद्धतीनं तिथं होतो.

रंगीत प्रत मला आत्ता बाहेर देता येणार नाही. पुस्तक एका मोठ्या पुरस्काराच्या यादीत आहे. असा फोटो इकडंतिकडं फिरला तर लोक म्हणतील यानं फसवलं. निकाल लागेपर्यंत दम धर. मावशीचं माझ्यावर सोड, मी स्वतः तिला फोन करतो.

तुझा टिल्लू

*

३० ऑगस्ट

टिल्लू,

तू मावशीला फोन केलास हे मला मावशीकडूनच कळलं. मी तिच्याकडं गेले होते. हातात कोट घेऊन, वेड्यासारखी, बस बदलत.

तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. आणि मग म्हणाली की तुझ्या भावानं सगळं कबूल केलंय. तू तिला म्हणालास, "होती थोडे दिवस नर्स. ताईला नको बोलूस, ती आधीच फार हळवी झालीय." माझी बाजू घेतल्यासारखं बोललास म्हणे. मावशी तुझं कौतुक करत होती, की बहिणीचं खोटं पोटात घालणारा भाऊ बघ.

मी कोट पिशवीतून बाहेर काढलाच नाही. परत आले.

आता मी हसत वगैरे नाहीये, नीट ऐक. मला चीड आलीय. इतकी की दोन आठवडे पत्र लिहायला घ्यायचे आणि फाडून टाकायचे. तुझ्या पुस्तकात मी नाही, नसू दे. मला तसबिरीत बसायची हौस कधी होती? तू पिवळ्याचं पांढरं केलंस तेही मी गिळलं असतं. तेव्हा तुला खरंच फक्त उजेड हवा असेल. पण मावशीला फोन करताना तुझ्यासमोर ना फोटो होता, ना समीक्षक, ना समोर बसलेली माणसं. म्हातारी बाई विचारत होती, खरं काय ते सांग. तेव्हा तू काय निवडलंस?

आईला कूस बदलून द्यायची, तिच्या पाठीच्या जखमा धुवायच्या, चादर भिजली की ती लाजायची म्हणून दुसरीकडं बघत बदलायची, दार बाहेरून लावून कामावर जायचं आणि दिवसभर कान त्या दाराकडं. माझी लग्नाची बोलणी मोडली ती याच खोलीत, त्या गृहस्थांनी आत डोकावून बघितलं आणि परत आलेच नाहीत. याबद्दल मी तुला एका शब्दानं बोलले? तुझं काम तिकडं आहे, तुझं नाव होतंय, होऊ दे, असंच म्हणत आले. मला यातून काय मिळायचं होतं? एवढंच, की चार माणसांनी म्हणावं, हिनं आईचं केलं. चार पण नकोत. मावशी एकटी म्हणत होती तेवढं मला पुरत होतं. तेवढं एक होतं माझ्याकडं, ते तू घेतलंस.

रंगीत फोटो पाठव. पुरस्कार मिळो न मिळो. मावशीच्या हातात तो पडला पाहिजे, आणि तू तिला म्हणायला पाहिजे की तू खोटं बोललास. बाकी पुस्तकाचं तू आणि तुझा प्रकाशक बघून घ्या.

ताई

*

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मध्ये लिहिता आलं नाही, धावपळ होती. तुला बातम्यांतून कळलंच असेल. पहिला पुरस्कार मिळाला. व्यासपीठावर उभा होतो तेव्हा आईची फार आठवण आली. तुझीही. तू समोर असायला हवी होतीस असं खरंच वाटलं.

तुझ्या मागच्या पत्राला मी उत्तर देत नाही. रागात लिहिलेलं मी मनात धरत नाही, तूही धरू नकोस. मावशीला मी जे बोललो ते भांडण मिटावं म्हणून. माझा हेतू वाईट नव्हता.

एक छोटं काम आहे. पुस्तक परदेशात निघतंय, आणि तिकडच्या लोकांचा नियम असा की फोटोतल्या प्रत्येक माणसाची लेखी संमती लागते. चेहरा दिसत नसला तरी. आईची मी दिली. आता फक्त त्या परिचारिकेची राहिलीय. त्यांनी माझ्याकडं तीन वेळा मागितली. मी म्हटलं, बाई गावी गेल्यात, पत्ता शोधतोय. आता पुढं ढकलता येत नाही, ही संमती नसेल तर तो फोटो काढावा लागेल, आणि तो फोटो काढला तर पुस्तकात काय उरतं? सगळे त्याच फोटोबद्दल बोलतात.

सोबत कागद पाठवतोय. खाली सही कर. नाव तुझं नको घालू, आडनावावरून लगेच कळेल. दुसरं कुठलंही घाल, किंवा नुसतं हुद्द्यानं भागतं, मी विचारून ठेवलंय. कुणी तपासत नाही. अगदी औपचारिक आहे.

आणि मी तुला शब्द देतो, हे झालं की त्या फोटोची मोठी रंगीत प्रत काढून, चौकट करून तुला पाठवतो. पूर्ण, तुझ्या चेहऱ्यासकट. फक्त आतल्या खोलीत लाव, कुणाला दाखवू नकोस. तुझी तब्येत कशी आहे? काकूंकडून कळलं की तू मावशीकडं जाणं सोडलंस. असं करू नये ताई, आपलं माणूस आहे.

वाट बघतो.

तुझा टिल्लू

*

१५ नोव्हेंबर

माननीय छायाचित्रकार महोदय,

आपलं पत्र आणि सोबतचा कागद मिळाला. पुरस्काराबद्दल आपलं अभिनंदन.

कागदावर सही करून पाठवत आहे. नावाच्या जागी "परिचारिका" असं लिहिलं आहे. हुद्द्यानं भागतं असं आपणच कळवलंत. माझ्याकडून आता आपल्याला कसलीही अडचण येणार नाही. यापुढं कुणी विचारलं तर मीही हेच सांगेन की मी त्या घरी कामाला होते.

मोठी रंगीत प्रत पाठवू नये. आपण देऊ केलीत हे आपलं सौजन्य, पण दुसऱ्याच्या घरातलं आजारपण मी माझ्या भिंतीवर कशाला लावू? आपल्या मावशींचा माझा परिचय नाही. त्यांच्याकडं जाण्यायेण्याबद्दल आपण लिहिलंत ते चुकून लिहिलं गेलं असावं.

आपल्या बहिणीच्या तब्येतीची आपण चौकशी केली आहे. मला त्या बाई ठाऊक नाहीत. मी त्या घरात होते तेवढ्या काळात तिथं बहीण म्हणून कुणी मला दिसली नाही. आपल्या पुस्तकातही ती नाही, तेव्हा ती नसावीच. तिला लिहायची पत्रं कृपा करून या पत्त्यावर पाठवू नका. आली तर परत करावी लागतील, आणि ते मला बरं वाटणार नाही.

आपण आता आमचे कुणी नाही, म्हणून एक गोष्ट सांगायला हरकत वाटत नाही. नात्यातल्या माणसाला सांगितली नसती, त्याला लागली असती. आपण कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवून निघालात, आपल्या आईंच्या पाया पडलात, आणि जिना उतरून गेलात. आपल्या गाडीचा आवाज येईनासा होईपर्यंत त्या पडल्या पडल्या खिडकीकडं बघत होत्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात, मानानं विचारलं, "हे गृहस्थ कोण होते?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, तुमचा मुलगा. त्यांना पटेना, मी पुन्हा पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं, तेव्हा कुठं त्या झोपल्या. आज त्यांनी विचारलं असतं, तर मीही त्यांना म्हटलं असतं, ठाऊक नाही हो, कुणीतरी फोटो काढायला आले होते.

आपली नम्र,
परिचारिका